नाशिकच्या आसपास हात लावून बघायच्या सहली: कुठे, कधी आणि काय विचारून जायचं?

रानवाट
नमस्कार मंडळी. पंचवटी, त्र्यंबक, वणीचा गड ही यादी सगळ्यांकडे आहे, ती इथे परत नको. या धाग्यावर अशा जागा लिहूया जिथे काम चालू असताना बघता येतं, जमलं तर हातही लावता येतो आणि शेतकरी किंवा कारागीर स्वतः समजावून सांगतो. कोणता आठवडा बरा, किती वेळ लागतो, आधी काय विचारायचं आणि मुख्य म्हणजे काय चुकतं तेवढं लिहा. ऐकीव माहिती शक्यतो टाळा.

आमची गरज अशी: पुण्याहून येणारे आठ जण, त्यात १० आणि १२ वर्षांची दोन मुलं, आणि एक आजी ज्यांना चढ-पायऱ्या जमत नाहीत. वर्षभरात वेगवेगळ्या वेळी चार शनिवार-रविवार.

आडवा धागा
येवल्याच्या पैठणीपासून सुरुवात करतो. नाशिकहून निफाड, विंचूरमार्गे साधारण ८० किलोमीटर. बहुतेक जण दुकानात जातात, साड्या उलगडून बघतात, मागे एक माग मांडलेला असतो तिथे फोटो काढतात आणि परततात. त्यात शिकण्यासारखं काही नाही. फोनवर एवढंच विचारा: "मागावर सध्या काय चालू आहे? सांधणी, अंग की पदर?" या एका प्रश्नावर तुमची फेरी सार्थकी लागणार की नाही ते ठरतं.

रेशीम आधी उकळून त्यातला डिंक काढतात, मग रंगवतात. लडी असारीवर, म्हणजे धागा गुंडाळायच्या फिरत्या चौकटीवर, चढवून धागा सुटा करतात. पुढे ताणा तयार होतो, म्हणजे उभे धागे, आणि ते असतात हजारोंनी. जुन्या ताण्याचं शेवटचं टोक मागावर तसंच ठेवलेलं असतं आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्याला बोटांनी पिळून जोडतात. हीच सांधणी. त्यामुळे मागाची फणी आणि वही (उभे धागे वर-खाली करणारी दोऱ्यांची चौकट) यातून प्रत्येक धागा नव्याने ओवावा लागत नाही. सांधणी चालू असेल तर मुलं पंधरा मिनिटांत कंटाळतात, पण मोठ्यांना कापड कुठून सुरू होतं ते कळतं.

अंग विणताना धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं लाकडी साधन, सरासर फिरतो, ठोक्याचा आवाज येतो, काम पुढे सरकताना दिसतं. मुलांना हात लावू द्यायचा तर तो इथेच. पदरावर हात मागू नका. पदरात धोटा बाजूला राहतो आणि प्रत्येक रंगाची वेगळी छोटी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली काडी, असते. मोराच्या एका ओळीत दहा-बारा तिल्ल्या लोंबत असतात. जिथे दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवून परत फिरवतात. एक तिल्ली चुकीच्या घरातून गेली तर ती ओळ उसवावी लागते. भरगच्च पदर असेल तर दिवसभरात काही बोटंच काम पुढे जातं.

जाण्याआधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा आणि नखं कापा. रेशीम अडकलं की ताण्याचा धागा तुटतो आणि तो जोडण्यात विणकराचा वेळ जातो. हाताला क्रीम किंवा तेल नको, फिक्या रंगावर डाग पडतो आणि तो निघत नाही.

कडियाल
वरच्यात एक भर. काठ आणि अंग वेगळ्या रंगाचं असेल तर तीन धोटे लागतात, दोन काठांना आणि एक अंगाला. याला कडियाल म्हणतात. एकाच धोट्याने आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत गेला तर ती एकधोटी. त्यात अंगाच्या आडव्या धाग्याचा रंग काठातही उतरतो, म्हणून धूपछाव दिसते. मुलांना हे तोंडी सांगून कळत नाही. दोन्ही माग शेजारी-शेजारी असतील तिथे न्या, एका नजरेत कळतं.

संगमनेरी
हातमागाची पैठणी ओळखायची कशी? पदर उलटा करून बघायचा असं सगळे सांगतात.

आडवा धागा
@संगमनेरी, बरोबर आहे, फक्त उलटं केल्यावर काय बघायचं तेही सांगायला हवं. तिल्लीने विणलेल्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असते, कारण रंगाचा धागा आपल्या घरातच वळून परत फिरलेला असतो. यंत्रमागावर नक्षीचा धागा मागच्या बाजूने एका बुट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत मोकळा धावतो. तो तसाच लोंबतो किंवा कापलेला असतो, आणि कापल्यावर मागे बारीक दशा दिसतात. मोराच्या मानेजवळ बोट फिरवा, खरखर लागली तर समजा.

हे मुख्यतः पदरासाठी आहे. अंगावरच्या छोट्या बुट्ट्यांवरून निकाल लावू नका, तिथे हातमागावरही वेगळ्या पद्धती वापरतात. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सिल्क मार्क फक्त रेशीम शुद्ध असल्याची खूण आहे, हातमागाची नाही. दुकानात या दोन गोष्टींची सर्रास सरमिसळ होते.

वेळेचा अंदाज: साध्या पदराला महिना-दीड महिना, अंगभर नक्षी असेल तर सहा महिने ते वर्षही लागतं. म्हणून मागावर बसलेल्या माणसाशी किमतीची घासाघीस करू नये. साडी पुष्कळदा त्याच्या मालकीची नसतेच, तो मजुरीवर विणत असतो.

मळेवाला दिंडोरी
आता द्राक्षं. या विषयावर लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण "नाशिक म्हणजे द्राक्षं" एवढंच डोक्यात ठेवून दिवाळीच्या सुट्टीत येतात आणि वेलीवर मोहरीएवढे मणी बघून परत जातात.

वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधली खरड छाटणी. तेव्हा मागच्या हंगामाच्या काड्यांवर एखादा डोळा ठेवून बाकी सगळं उतरवतात. या काळात फळ नसतं, पण पुढच्या हंगामाचा घड काडीच्या डोळ्यात याच उन्हाळ्यात घडतो. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत दुसरी, फळछाटणी. तिला ऑक्टोबर छाटणी म्हणतात. इथून दिवस मोजायचे. आठ-बारा दिवसांत फूट, चाळिसाव्या दिवसाच्या आसपास फुलोरा, मग विरळणी, ऐंशी-नव्वदच्या पुढे मण्यात पाणी उतरतं आणि जातीनुसार ११० ते १३० दिवसांनी काढणी. म्हणून बागेला "कधी येऊ?" असं विचारू नका. "छाटणी कोणत्या तारखेची?" असं विचारा. तारीख कळली की वरचा हिशोब तुम्हीच करू शकता.

बागलाणात छाटणी लवकर होते, तिथे डिसेंबरातच माल निघतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात जानेवारी ते मार्च हा खरा काळ. माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा. गोडी उतरलेली असते, काढणी आणि पॅकिंग दोन्ही चालू असतं आणि ऊन अजून तापलेलं नसतं.

काढणी सकाळी लवकर बघा. उन्हात तापलेला मणी पेटीत मऊ पडतो, म्हणून दव सुकलं की मजूर सुरू होतात आणि ऊन चढायच्या आत थांबतात. अकरा वाजता पोहोचलात तर रिकाम्या क्रेट बघाल. घड देठाला धरून कापायचा, मण्यांना बोट लावायचं नाही. मण्यावरची पांढरी लव पुसली गेली की भाव पडतो. मुलांना रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, मागून द्या. एक थेंब काचेवर टाकून उजेडाकडे बघायचं, आत ब्रिक्सचा, म्हणजे गोडीचा, आकडा दिसतो. खायच्या द्राक्षाला १८ च्या आसपास, वाइनच्या द्राक्षाला साधारण २२ ते २४. एकाच घडातला वरचा आणि टोकाचा मणी वेगवेगळा मोजून बघा, फरक दिसतो. मुलं यात अर्धा तास रमतात.

आणि हे नीट वाचा. वेलीवरून तोडून थेट तोंडात टाकू नका. फवारणीनंतर किती दिवस माल काढायचा नाही याचे औषधागणिक नियम असतात आणि ते फक्त बागवाल्याला माहीत असतात. विचारा, मग धुऊन खा.

गोदाकाठ
उत्तम माहिती. छाटणी बघायला सप्टेंबर-ऑक्टोबरात आलं तर चालेल का?

मळेवाला दिंडोरी
@गोदाकाठ, छाटणी बघायला या, पण पेस्टिंग असेल त्या दिवशी नको. छाटल्यावर एक-दोन दिवसांत डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, म्हणजे सगळे डोळे एकसारखे फुटतात. ते विषारी आहे, कातडीतूनही अंगात जातं. शिवाय ते अंगात गेलेलं असताना दारू किंवा वाइन घेतली तर चेहरा लाल होणं, धाप लागणं, छातीत धडधड असा जोरदार त्रास होतो. सकाळी बाग आणि दुपारी वायनरी असा बेत नाशिकला अगदी नेहमीचा आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. पेस्टिंग चालू असेल तर बागेत मुलांना नेऊच नका, लांब बांधावरून बघा.

छाटणीनंतर एक टक्का बोर्डो हे बुरशीनाशक मारतात. हे मिश्रण मात्र शिकण्यासारखं आहे. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपात विरघळवून मग एकत्र करायचे. लोखंडी भांडं नको, मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं. तयार झाल्यावर चकचकीत लोखंडी खिळा बुडवून बघायचा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, अजून घाला. मुलांना खिळ्याचा हा प्रयोग दाखवाच, लांबून आणि हातमोजे घालून.

दोन चाकं
वायनरीचं थोडक्यात. सुला १९९९ सालची, गंगापूर धरणाच्या बाजूला, आणि त्याच परिसरात इतरही आहेत. फेरी वर्षभर मिळते, पण दळण म्हणजे द्राक्षं आत येऊन पिळली जाताना बघायची असतील तर जानेवारी ते मार्चच. इतर वेळी स्टीलच्या टाक्या आणि लाकडी पिंपं बघून येता. शनिवार-रविवारी दुपारनंतर गर्दी इतकी असते की सांगणाऱ्याचं ऐकू येत नाही. सकाळची पहिली फेरी घ्या. चाखणीला वयाची अट आहे, ओळखपत्र ठेवा. चालवणाऱ्याने चाखायचं नाही.

थापट्या
पक्षी बघायला नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा इथे भेटतात. बंधारा ब्रिटिशकालीन, गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, वनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना चारा मिळाला. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावच्या बाजूने जायचं. वाट सपाट आहे, आजींना अडचण येणार नाही. मनोऱ्यावर मात्र पायऱ्या आहेत. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची सोबत घ्या आणि खालीच बसवा, पक्षी तिथूनही दिसतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढं सगळे सांगतात. त्यापुढे पाण्याची पातळी विचारा. गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन्ही कालवे इथूनच निघतात. आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्यांना पाणी सोडलं, की पाण्याची पातळी हलते. पाणी तुडुंब असेल तर बदकं लांब, मधोमध असतात आणि चिखलात चरणारे पक्षी जवळपास दिसत नाहीत. पाणी उतरून चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडल्या की तुतारी, शेकाट्या, चमचे असे पक्षी काठाजवळ येतात. म्हणून जाण्याच्या दोन दिवस आधी तिथल्या गावातल्या मार्गदर्शकाला पाणी कसं आहे ते विचारा. ही मुलं तरबेज आहेत, दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोपही देतात. त्यांची फी देताना काचकूच करू नका, त्यांच्या डोळ्यांशिवाय अर्धे पक्षी दिसत नाहीत.

स्वतःची दुर्बीण घ्यायची असेल तर ८x४२. जास्त ताकदीची हातात थरथरते. कपडे मातकट रंगाचे. सूर्योदयाला तिथे असायचं, साडेनऊनंतर पाण्यावर वाफ थरथरायला लागते आणि स्कोपमध्ये सगळं लाटांसारखं दिसतं. डिसेंबरात धुकं असेल तर उलट, आठपर्यंत काही दिसत नाही. तोवर आवाज ऐका.

मुलांना सुरुवातीला पाचच द्या: चक्रवाक (नारिंगी अंग), थापट्या (फावड्यासारखी चोच), तलवार बदक (टोकदार शेपूट), जांभळी पाणकोंबडी आणि चमचा. मार्श हॅरिअर हा शिकारी पक्षी पाण्यावरून अगदी खालून उडत गेला की सगळी बदकं एकदम उठतात. ते दिसलं तर सकाळ वसूल.

लासलगावकर
नांदूरहून येवल्याकडे जाणार असाल तर मध्ये लासलगावचा कांदा लिलाव बघा. ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, व्यापारी आणि समितीची माणसं एकेका ट्रॉलीजवळ थांबतात, मूठभर कांदे उचलून साल, रंग, आकार बघतात आणि क्विंटलचा भाव पुकारला जातो. एका ट्रॉलीचा निकाल मिनिटाच्या आत. एप्रिल-मेमध्ये येणारा उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत महिनोन्‌महिने टिकतो, पावसाळ्यानंतरचा लाल कांदा टिकत नाही, तो लगेच विकावा लागतो. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण यातून समजतो. रविवारी आणि सणाला लिलाव नसतात, आधी विचारा. रांगेत गाडी घालू नका, ट्रॉलीसमोर उभं राहून फोटो काढू नका. तिथे कुणाच्या तरी सहा महिन्यांच्या कष्टांचा निकाल लागत असतो.

सिन्नरची वाट
आजींसाठी सिन्नर. गोंदेश्वर यादवकालीन, भूमिज शैलीचं, शैवपंचायतन. मधे शंकर आणि चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती, गणपती. गाडी जवळपर्यंत जाते, चौथऱ्याच्या थोड्याच पायऱ्या. दुपारी चारनंतर जा, तिरप्या उन्हात काळ्या दगडावरचं कोरीवकाम उठून दिसतं. मुलांना सांगा, शिखरावरच्या छोट्या शिखरांच्या ओळी मोजा, मग भूमिज म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

जवळच माळेगाव औद्योगिक वसाहतीत गारगोटी संग्रहालय आहे. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत गरम पाण्यातली खनिजं साचून स्फटिक झाले. आधी हे बघून मग गोंदेश्वरला जा. मंदिराच्या दगडातही बारीक पोकळ्या आणि पांढरे ठिपके दिसतील.

कथील
मुलांना कल्हई दाखवा. फिरते कल्हईवाले अजून मिळतात, जुन्या नाशकात भांडी बाजारात चौकशी करा. तांब्या-पितळेची दोन छोटी भांडी घरूनच आणा. भांडं घासून आतून स्वच्छ करतात, भात्याच्या भट्टीवर तापवतात, नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर निघतो आणि पृष्ठभाग लख्ख होतो. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाने किंवा फडक्याने झरझर पसरवायची. कथील २३२ अंशांना वितळतं. भांडं कमी तापलं तर गोळे राहतात, जास्त तापलं तर थर पिवळट-काळसर पडतो. शेवटी पाण्यात बुडवायचं.

दोन गोष्टी सांभाळा. धुराच्या वाऱ्याकडे मुलांना उभं करू नका. आणि कथील शुद्ध आहे ना ते विचारा. डाग द्यायच्या तारेत शिसं असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्याला चालत नाही. पुढे ते भांडं रिकामं तापवायचं नाही आणि तारेच्या घासणीने घासायचं नाही.

अंजनेरी पायवाट
पावसाळ्यासाठी अंजनेरी, त्र्यंबकच्या रस्त्यावर. आजी नसतील तेव्हा. सप्टेंबरात पठारावर फुलं येतात. इथलं एक कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, याच डोंगराच्या नावाचं आहे. पायवाट सोडून गवतात शिरलं की अशी रोपं पायाखाली जातात, फुलाशिवाय ती गवतासारखीच दिसतात. आजी खाली थांबणार असतील तर पायथ्याशी नाणकशास्त्र संस्थेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, तासभर छान जातो.

काजवे बघायचे तर भंडारदरा, मेअखेर ते पहिला मोठा पाऊस. टॉर्च, हेडलाइट, फ्लॅश सगळं बंद. काजव्यांचा उजेड ही मादीशी बोलायची खूण आहे, आपल्या उजेडात ती पुसली जाते.

रानवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. असा बेत जमवतेय: (१) १३-१४ जानेवारी येवला, विणकाम आणि पतंग दोन्ही. (२) फेब्रुवारीचा तिसरा आठवडा, द्राक्षकाढणी आणि सिन्नर. (३) रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाड, म्हणजे रंगाचा हौद. (४) डिसेंबरात नांदूर आणि लासलगाव, रविवारी. काही चुकतंय का?

आडवा धागा
पहिल्यात चुकतंय. भोगी, संक्रांत, कर हे तिन्ही दिवस येवला गच्चीवर असतं, हलकडी (हलगीसारखं वाद्य) वाजत असते, माग बहुतेक थांबलेले. पतंग बघायला जरूर या. तिथे मांजा फिरकीवर नाही, असारीवर गुंडाळतात, विणकरांचाच शब्द. नायलॉन मांजा घेऊ नका, बंदी आहे आणि तो माणसांचे, पक्ष्यांचे गळे कापतो. दुचाकीवर गळ्याला रुमाल हवाच. विणकामाला मात्र वेगळा दिवस काढा, शक्यतो कामाचा.

लासलगावकर
चौथ्यात शनिवारी लासलगाव, रविवारी नांदूर असं उलटं करा. शनिवारी लिलाव किती वाजेपर्यंत चालतात ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

गोदाकाठ
रहाडीबद्दल. पेशवेकालीन दगडी हौद, वर्षभर बुजवलेले असतात, रंगपंचमीला उघडतात. रंग फुलांपासून उकळून करतात आणि प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. आत उडी मारण्याला धप्पा म्हणतात. पाणी खोल असतं आणि तळ दिसत नाही, एकामागून एक उड्या पडतात. १० आणि १२ वर्षांच्या मुलांना आत सोडू नका, काठावरून बादलीने भिजवा. आजींना त्या गल्लीत आणूच नका, गर्दीत बाजूला होता येत नाही. ओळखीच्या घराची माडी मिळाली तर तिथून बघता येईल. रंग दोन-तीन आंघोळींनी जात नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर आधी अंगाला खोबरेल तेल चोळून या.

रानवाट
बदल केले. येवल्याला विणकामासाठी नोव्हेंबरचा शुक्रवार धरते आणि आधी फोन करून पदर की अंग ते विचारते. @मळेवाला, फेब्रुवारीसाठी तुमच्या भागातली छाटणी साधारण कोणत्या तारखेची धरू?

मळेवाला दिंडोरी
ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटलेली बाग शोधा. थॉमसन जात असेल तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२५-१३० दिवस भरतात. मधे ढगाळ हवा आणि धुकं जास्त राहिलं तर गोडी आठवडाभर मागे पडते, केवडा-भुरी या रोगांवरच्या फवारण्याही वाढतात. जानेवारीअखेर एकदा फोन करून ब्रिक्स किती आला ते विचारा. १६ म्हणाले तर आठवडाभर थांबा.